परदेशातून गावाकडे निधी पाठवताना: मंडळांच्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

गणेशोत्सवातील एका शनिवारी, आरती आटोपून पंगत बसण्याआधी, अमेरिकेतील आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी सातारा जिल्ह्यातील एका शाळेच्या दोन वर्गखोल्यांसाठी मदतीचे आवाहन केले. रात्री सभागृहाच्या स्वयंपाकघरात, मोदकांची रिकामी ताटे बाजूला सारून, आम्ही रोख रक्कम, धनादेश आणि कार्डावर आलेले पैसे मोजले, तेव्हा ११ हजार ४०० डॉलर भरले. दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या संस्थेच्या सचिवांना फोन केला. त्यांना आनंद झाला, मग ते थोडे थांबून म्हणाले, "साहेब, पैसे पाठवा हो, पण आमच्याकडे ते एफसी का काय म्हणतात, ते नाही बरं का." तोवर त्या अक्षरांचा अर्थ आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हता. ते पैसे पुढे सात महिने आमच्याच खात्यात पडून राहिले. ६१ कुटुंबांना पत्रे लिहून ती रक्कम दुसऱ्या संस्थेला देण्याची परवानगी मागावी लागली, आणि चार कुटुंबांनी आपले पैसे परत मागितले, ते निमूटपणे द्यावे लागले.

मी त्या वर्षी नवा खजिनदार होतो. परदेशातील मंडळाच्या कार्यकारिणीत नुकतेच आलेल्या आणि आपल्या मुलखासाठी काही करू पाहणाऱ्या मंडळींना त्याच वाटेने जावे लागू नये, यासाठी हा लेख लिहीत आहे. कामाचा नेहमीचा क्रम असा असतो की आधी आवाहन करायचे, मग पैसे जमवायचे आणि शेवटी पाठवण्याची व्यवस्था शोधायची. माझा सल्ला हा क्रम पूर्ण उलटा करण्याचा आहे.

पहिली पायरी: पैसा उतरणार कुठे, ते आधी पाहा

भारतातील कोणत्याही संस्थेला परकीय देणगी स्वीकारायची असेल (परकीय कोणती, ते दुसऱ्या पायरीत येईल), तर तिला परकीय योगदान (विनियमन) अधिनियम, २०१० लागू होतो. याच कायद्याला सर्वजण एफसीआरए म्हणतात. मूळ कायदा १९७६ सालचा, २०१० साली त्याच्या जागी नवा आला आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. धर्मादाय आयुक्तांकडे संस्थेची नोंदणी आहे, लेखापरीक्षण वेळेवर होते, देणगीदारांना ८०जी म्हणून ओळखली जाणारी करसवलत मिळते, हे सर्व असले तरी एफसीआरए नोंदणी ही त्याहून वेगळी गोष्ट आहे आणि ती केंद्रीय गृह मंत्रालय देते. आमचे सातारचे सचिव अत्यंत प्रामाणिक गृहस्थ होते, त्यांचे हिशेब आमच्यापेक्षा नेटके होते, पण ही नोंदणी त्यांच्याकडे नव्हती आणि म्हणून आमचा एक डॉलरही त्यांना घेता येत नव्हता.

ही नोंदणी मागितली की लगेच मिळते, असे नाही. साधारणपणे संस्था किमान तीन वर्षे कार्यरत असावी लागते आणि त्या तीन वर्षांत तिने आपल्या मूळ उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. मिळालेली नोंदणी पाच वर्षे टिकते, मग नूतनीकरण करावे लागते. लहान संस्थेसाठी दुसरा मार्ग पूर्वपरवानगीचा आहे: ठरावीक देणगीदाराकडून, ठरावीक कामासाठी, ठरावीक रक्कम घेण्याची परवानगी. त्यासाठी मंडळाने अमुक रक्कम देण्याचे लेखी वचनपत्र द्यावे लागते. काम मोठे आणि एकदाच होणारे असेल, उदाहरणार्थ वसतिगृहाची इमारत, तर हा मार्ग वेळखाऊ असला तरी योग्य आहे. वह्या-पुस्तकांसाठी त्याच्या वाटेला जाऊ नये.

संस्थेने "आमच्याकडे एफसीआरए आहे" असे सांगितले तरी तेवढ्यावर थांबू नये. गृह मंत्रालयाच्या एफसीआरए संकेतस्थळावर राज्य आणि जिल्हा निवडून चालू नोंदणी असलेल्या संस्थांची यादी पाहता येते. नाव, नोंदणी क्रमांक आणि मुदतीची तारीख या तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात आणि त्या पानाची छापील प्रत तारखेसह काढून ठेवावी. अनेकदा संस्थेच्या भिंतीवर लावलेले प्रमाणपत्र खरे असते, फक्त त्याची मुदत गेल्या वर्षीच संपलेली असते.

येथे २०२० च्या दुरुस्तीतील तीन गोष्टी लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण मंडळांच्या जुन्या सवयी त्यांच्याशी अडतात. पहिली, परकीय योगदानाचा प्रत्येक पैसा नवी दिल्लीतील संसद मार्गावरील भारतीय स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत त्या संस्थेच्या नावे उघडलेल्या एफसीआरए खात्यातच उतरला पाहिजे. तेथून तो संस्थेच्या गावाकडील खात्यात वळवता येतो, पण थेट त्या गावाकडील खात्यात पाठवता येत नाही. दुसरी, अशी रक्कम मिळालेल्या संस्थेला ती पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. "पुण्याच्या मोठ्या संस्थेला पाठवू, ती आपल्या गावच्या मंडळाला देईल" हा जो सोपा उपाय पूर्वी सर्रास सुचवला जाई, तो आता बेकायदा आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, याचा फटका बसला: परदेशातून मोठ्या संस्थांकडे पैसे येत होते, पण तालुक्याच्या पातळीवर प्रत्यक्ष राबणाऱ्या छोट्या संस्थांना त्या ते देऊ शकत नव्हत्या. तिसरी गोष्ट, प्रशासकीय खर्चावर परकीय निधीच्या २० टक्क्यांपर्यंतच रक्कम वापरता येते; पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती.

दुसरी पायरी: देणारा कोण, हे तपासा

या मुद्द्यावर मी सर्वांत जास्त गैरसमज पाहिले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

भारतीय पारपत्र असलेला माणूस परदेशात राहून स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँक मार्गाने भारतातील संस्थेला देणगी देतो, तेव्हा ती परकीय योगदान मानली जात नाही. म्हणजे एच-१बी व्हिसावर असलेला, किंवा ग्रीन कार्ड असूनही भारताचे नागरिकत्व न सोडलेला सभासद सातारच्या त्या शाळेला स्वतः पैसे पाठवू शकला असता. संस्थेने त्याच्या पारपत्राची प्रत आणि देणगीचे पत्र आपल्या दप्तरी ठेवावे, एवढेच.

परंतु ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे, त्याची देणगी परकीय ठरते. त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना भारत सरकार देते ते) असले तरीही. हे कार्ड हाती आले की आपण अर्धे भारतीय झालो, अशी एक भावना आपल्या मनात असते, पण देणगीच्या बाबतीत कायदा ती मान्य करत नाही. पैसे रुपयांत दिले, पुण्याच्या बँकेतील खात्यातून दिले, म्हणून फरक पडत नाही. पाहिला जातो तो देणारा कोण, हे. नवरा भारतीय नागरिक आणि बायको अमेरिकी नागरिक, असे घर आमच्या मंडळात प्रत्येक रांगेत दोन तरी सापडतील. अशा वेळी देणगी कोणाच्या नावाने आणि कोणाच्या पैशातून जात आहे, हे स्पष्ट असले पाहिजे.

आणि आता यातली खरी मेख. तोच भारतीय नागरिक ते शंभर डॉलर स्वतः पाठवण्याऐवजी मंडळाच्या पेटीत टाकतो, तेव्हा ते मंडळाचे होतात. मंडळ परदेशी कायद्याखाली नोंदलेली संस्था आहे, म्हणून पेटीतील सारा पैसा परकीय स्रोतातला ठरतो, टाकणाऱ्यांपैकी शंभरच्या शंभर माणसे भारतीय नागरिक असली तरी. त्यामुळे छोट्या, एफसीआरए नसलेल्या संस्थेला मदत करायची असेल तर मंडळाने पैसे गोळाच करू नयेत. भारतीय पारपत्र असलेल्या सभासदांना संस्थेची माहिती द्यावी, बँक तपशील खात्री करून द्यावा, आणि ज्याने त्याने आपापले पैसे थेट पाठवावेत. यात मंडळाचे नाव कोठे येत नाही, हे काहींना खटकते. खटकू द्यावे.

"माझ्या भावाच्या खात्यात टाकतो, तो शाळेला देईल" हा उपाय तर कोणालाही सुचवू नये. नातेवाइकाला घरखर्चासाठी पैसे पाठवणे वेगळे आणि संस्थेसाठीचे पैसे त्याच्या खात्यातून वळवणे वेगळे. चौकशी झालीच तर प्रश्न त्या भावाला विचारले जातात, तुम्हाला नाही.

तिसरी पायरी: तुम्ही राहता त्या देशाचा कायदा

येथे प्रत्येक देशाची गोष्ट निराळी आहे. मी अमेरिकेतील अनुभवातून लिहितो आहे, इतर देशांतील मंडळींनी आपल्याकडील जाणकार लेखापालाला विचारूनच पुढे जावे.

अमेरिकेत देणगीदाराला करसवलत हवी असेल तर मंडळाला ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेचा, दर्जा असावा लागतो. लहान मंडळासाठी, म्हणजे वार्षिक ढोबळ जमा ५० हजार डॉलरच्या आत आणि मालमत्ता अडीच लाख डॉलरच्या आत असेल तर, १०२३-ईझेड हा सुटसुटीत अर्ज आहे. दरवर्षीचे विवरणपत्र चुकवू नये. तीन वर्षे सलग ते भरले नाही तर दर्जा आपोआप रद्द होतो, आणि दर दोन वर्षांनी कार्यकारिणी बदलणाऱ्या मंडळांत हे घडणे फार सोपे असते. त्याशिवाय बऱ्याच राज्यांत जनतेकडून देणग्या मागण्याआधी राज्य सरकारकडे वेगळी नोंदणी करावी लागते.

अमेरिकी करदात्याने भारतातील न्यासाला थेट दिलेल्या देणगीवर अमेरिकेत सवलत मिळत नाही. सवलत मिळते ती अमेरिकेतील संस्थेला दिलेल्या देणगीवर, आणि तीही तेव्हाच, जेव्हा त्या पैशाचे काय करायचे याचा अंतिम निर्णय त्या संस्थेच्या हाती असतो. मंडळ केवळ पोस्टमन असेल, म्हणजे देणगीदाराने नाव सांगायचे आणि मंडळाने डोळे मिटून रक्कम पुढे पाठवायची, तर ते मान्य होत नाही. म्हणून कार्यकारिणीने संस्थेची छाननी करून ठराव करणे, तो इतिवृत्तात नोंदवणे आणि आवाहनातच "संकल्पित काम होऊ न शकल्यास निधी तत्सम कामासाठी वापरण्याचा अधिकार मंडळ राखून ठेवत आहे" असे वाक्य घालणे आवश्यक असते. आमच्या पहिल्या आवाहनात ते एक वाक्य असते, तर ६१ पत्रे लिहावी लागली नसती.

मंडळाला स्वतःचा दर्जा नसेल तर घाईने नवी संस्था काढू नये. ज्यांचे कामच हे आहे अशा संस्थांमार्फत जावे. १९७८ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या महाराष्ट्र फाउंडेशनला मराठी वाचक मुख्यतः तिच्या साहित्य आणि समाजकार्य पुरस्कारांमुळे ओळखतात, पण महाराष्ट्रातील सामाजिक संस्थांपर्यंत इकडच्या देणग्या पोचवणे हेही तिचे काम आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळ या उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांच्या संघटनेच्या अधिवेशनांत अशा कामातील अनुभवी माणसे भेटतात. नव्या खजिनदाराने एक नाटक चुकवून त्यांच्याबरोबर चहा घ्यावा.

ब्रिटनमधील मंडळींना गिफ्ट एडची सोय आहे: तेथील करदात्याने दिलेल्या प्रत्येक पौंडामागे सरकारकडून २५ पेन्स मिळतात, मात्र देणगीदाराचे तसे घोषणापत्र हवे. इंग्लंड-वेल्समध्ये वार्षिक उत्पन्न ५ हजार पौंडांवर गेले की धर्मादाय संस्थेला सहसा नोंदणी करावी लागते. कॅनडात नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने परदेशी पैसे देताना त्यांच्या वापरावर देखरेख ठेवल्याची कागदपत्रे दाखवावी लागतात. सिंगापूरमध्ये परदेशातील कामासाठी लोकांकडून निधी मागण्याआधी परवाना लागतो.

संयुक्त अरब अमिरातीतील वाचकांनी मात्र पुढचे वाक्य दोनदा वाचावे. तेथे परवाना असलेल्या संस्थेखेरीज कोणीही देणग्या गोळा करणे हा गुन्हा आहे, आणि व्हॉट्सअॅप गटावर टाकलेले आवाहनही त्यात येते. दुबईतील एखाद्या कोकणी गावाच्या गटावर "देवळाच्या जीर्णोद्धारासाठी प्रत्येकी १०० दिरहॅम" असा निरोप सहज जातो, टाकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही, आणि त्यावर कैद व दंड दोन्ही होऊ शकतात. तेथील भारतीय नागरिकांनी आपापल्या बँकेतून, आपापल्या इच्छेने, थेट भारतात पाठवावे आणि गटावर मोजदाद करू नये.

चौथी पायरी: संस्था निवडणे

वरोऱ्याचे आनंदवन किंवा गडचिरोलीतील सर्च यांची नावे सर्वांना माहीत असतात आणि त्यांना मदत करण्यात वावगे काहीच नाही. पण मंडळाचे पाच-दहा हजार डॉलर जेथे खरोखर फरक पाडतील, अशी संस्था बहुधा कमी प्रसिद्ध असते, आणि तिला शोधायला वेळ द्यावा लागतो. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीचा उतारा, विश्वस्तांची यादी, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि एफसी-४ हे परकीय निधीचे वार्षिक विवरण, एवढे मागावे. एफसी-४ आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत भरायचे असते; ते नियमित भरणारी संस्था बाकीच्या गोष्टींतही सहसा नियमित असते.

कागद आले की कोणाला तरी प्रत्यक्ष पाठवावे. दरवर्षी मंडळातील किमान दहा कुटुंबे सुट्टीत गावी जातात, त्यांपैकी एकाला वाट वाकडी करायला सांगावे. कळवून जावे, पण दुसऱ्या दिवशी न कळवता पुन्हा जावे. एकदा आमच्या एका सभासद ताई मराठवाड्यातील एका वसतिगृहात गेल्या, तेव्हा त्यांनी कार्यालयात बसण्याऐवजी थेट स्वयंपाकघर गाठले आणि पिठाचा डबा उघडून पाहिला. पीठ ताजे होते, डब्यावर दळणाची तारीख खडूने लिहिलेली होती, आणि भिंतीवर टांगलेल्या वहीत त्या दिवशी जेवलेल्या मुलींची संख्या ४३ नोंदवलेली होती. ताईंनी पंगतीत बसलेल्या मुली मोजल्या, ४३ भरल्या. त्यांचा अहवाल अर्ध्या पानाचा होता, पण ताळेबंदाच्या वीस पानांपेक्षा आम्हाला त्याचा अधिक उपयोग झाला.

कार्यकारिणीतील कोणाचे नातेवाईक त्या संस्थेत असतील तर ते आधीच सांगावे आणि त्या सभासदाने मतदानात भाग घेऊ नये. यात अविश्वास नाही, उलट त्या सभासदाचे संरक्षण आहे.

"आमचा प्रत्येक डॉलर थेट गरजूंपर्यंत पोचला पाहिजे, पगारावर एक पैसा जाता कामा नये," असे आग्रहाने म्हणणारे सभासद प्रत्येक मंडळात असतात. मला हा आग्रह मान्य नाही. पाड्यावर जाऊन गरोदर बायकांचे वजन घेणारी कार्यकर्ती हेच तर काम आहे. तिचा पगार बंद करून वजनकाटा तेवढा विकत घ्यायचा, तर तो काटा कपाटात धूळ खात पडतो. एफसीआरएच्या नियमांतही शाळेतील शिक्षकांचे आणि रुग्णालयातील डॉक्टरांचे पगार प्रशासकीय खर्चात धरले जात नाहीत. पाट्या, कोनशिला आणि मंडळाच्या नावाचे फलक यांवर मात्र खर्च करू नये.

जिल्हा परिषदेच्या शाळेला मदत करायची असेल तर शाळेच्या खात्यात पैसे पाठवण्याचा विचार सोडून द्यावा. त्या तालुक्यातील शाळांसोबत काम करणारी, एफसीआरए नोंदणी असलेली संस्था शोधावी आणि तिच्याकडून शौचालयाची दुरुस्ती, वाचनालय किंवा विज्ञानाचे साहित्य असे काम करून घ्यावे.

पाचवी पायरी: पैसे जमवणे

यातले बहुतेक सर्व तुम्हाला येते. दिवाळी फराळाचे डबे, गणपतीतील जेवण, दौऱ्यावर आलेल्या नाटकाचा प्रयोग, पहाटेची पदयात्रा, पहिल्या मोदकाचा लिलाव (गोव्याकडची मंडळी त्याला पावणी म्हणतात आणि आपल्यापेक्षा अधिक चुरशीने बोली लावतात). म्हणून केवळ चुका टाळण्यापुरते लिहितो.

तिकिटाचे सर्व पैसे देणगी नसतात. शंभर डॉलरच्या तिकिटात तीस डॉलरचे जेवण असेल तर अमेरिकेत सवलत ७० डॉलरवरच मिळते, आणि रक्कम ७५ डॉलरपेक्षा अधिक असल्याने तसे लेखी कळवणे मंडळाला बंधनकारक असते. २५० डॉलर किंवा त्याहून अधिक देणगीसाठी लेखी पावती लागतेच, आणि मोबदल्यात काही दिले की नाही, हे तीत नमूद असावे लागते. सोडतीची तिकिटे विकण्याआधी आपल्या राज्याचा नियम पाहावा. बऱ्याच ठिकाणी ती जुगारात मोडते.

नोकरदार देणगीदारांना आवर्जून विचारावे की त्यांची कंपनी देणगीइतकीच भर घालते का. बऱ्याच मोठ्या कंपन्या घालतात, आणि अर्ज करण्याचा आळस एवढ्या एका कारणाने आमच्या मंडळाने काही वर्षे हजारो डॉलर सोडले.

ऑनलाइन वर्गणी पान एखाद्या उत्साही सभासदाने स्वतःच्या नावाने उघडले तर पैसे त्याच्या व्यक्तिगत खात्यात जमा होतात, कराचा प्रश्न त्याच्या डोक्यावर येतो आणि मंडळाच्या पावत्या कोणालाच देता येत नाहीत. पान मंडळाच्या नावानेच असावे. रोख पेटी दोघांनी मिळून उघडावी, मोजून दोघांनी सह्या कराव्यात आणि त्या आठवड्यातच बँकेत भरावी. खजिनदाराच्या घरी फ्रिजच्या वर ठेवलेली पेटी मी पाहिली आहे, ती माझ्याच घरची होती.

सहावी पायरी: पाठवणे

संस्थेशी एक-दोन पानांचा करार करावा: काम कोणते, रक्कम किती, हप्ते किती, अहवाल कधी. निम्मी रक्कम सुरुवातीला, उरलेली पहिल्या हप्त्याचा हिशेब पाहून, ही विभागणी आम्हाला मानवली आहे.

खाते क्रमांक ईमेलने आला तर त्यावर विसंबू नये. ईमेल खाते हॅक करून "आमचे खाते बदलले आहे" असे कळवण्याचे प्रकार घडतात. आपल्याकडे आधीपासून असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर स्वतः फोन करून आकडे वाचून घ्यावेत, आणि खाते नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतीलच आहे ना, हे पाहावे. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की संस्थेचे लेखनिक सवयीने तालुक्याच्या बँकेतील रोजच्या खात्याचा क्रमांक देतात; तेथे परदेशातून पैसे आले तर नियमभंग संस्थेचा होतो. पैसे बँकेमार्फत (वायर ट्रान्सफरने) पाठवताना मंडळाचे पूर्ण नाव, पत्ता आणि देणगीचा उद्देश लिहावा, आणि त्याच दिवशी संस्थेला देणगीपत्र पाठवावे, कारण बँक संस्थेला त्याबद्दल विचारते.

वेळेचाही विचार करावा. अमेरिकेतील देणगीदार डिसेंबरअखेर उदार होतात, भारतातील संस्थेचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, आणि शाळा जूनमध्ये सुरू होते. वह्या-गणवेशाचे पैसे एप्रिलच्या सुरुवातीला पोचले तर खरेदी नीट होते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलेली रक्कम संस्थेच्या लेखापालाला डोकेदुखी ठरते.

आपत्तीच्या वेळी

सप्टेंबर १९९३ मध्ये किल्लारीचा भूकंप, ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीचा महापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडचा पूर, सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यातील अतिवृष्टी: अशा बातम्या येतात तेव्हा मंडळाचे फोन वाजायचे थांबत नाहीत, आणि वर लिहिलेले सर्व विसरून काहीतरी ताबडतोब करण्याची घाई होते. म्हणून एफसीआरए नोंदणी असलेल्या दोन-तीन संस्थांशी शांततेच्या काळातच करार करून ठेवावा. कोकणात एक, पश्चिम महाराष्ट्रात एक, मराठवाड्यात एक. पूर आल्यावर संस्था शोधू लागलात तर पैसे दिवाळीनंतर पोचतात.

वस्तू पाठवू नयेत. वापरलेले कपडे गोळा करणे सोपे असते, त्यामुळे मन हलके होते, पण ते पाठवायला त्यांच्या किमतीहून अधिक खर्च येतो, सीमाशुल्काचे कागद करावे लागतात, आणि परदेशातून आलेल्या वस्तूही संस्थेसाठी परकीय योगदानच असतात. याला अपवाद असतात, जसे करोनाकाळातील ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर; तेव्हा मोफत वाटपासाठी आणलेल्या अशा साहित्यावरील आयातीचा एकात्मिक जीएसटी मे २०२१ मध्ये सरकारने काही काळ माफ केला होता. जी वस्तू भारतात त्या घटकेला मिळतच नाही, तीच पाठवावी.

आणि सगळे पैसे पहिल्या आठवड्यात देऊन टाकू नयेत. पहिल्या आठवड्यात बिस्किटांचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्या रस्त्यावर पडलेल्या असतात. तीन महिन्यांनी, कॅमेरे निघून गेल्यावर, खरडून गेलेल्या जमिनीत माती भरायला, गाळाने भरलेली विहीर उपसायला, वाहून गेलेल्या शेळ्यांच्या जागी शेळ्या घ्यायला कोणी नसते. जमलेल्या रकमेतील एक तृतीयांश लगेच आणि दोन तृतीयांश रब्बीच्या वेळी, हे प्रमाण आम्ही गेली काही वर्षे पाळतो. सरकारी निधीलाच द्यायचे असेल तर महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहायता निधीला २०२५ साली एफसीआरएखाली परवानगी मिळाली आहे, हे ध्यानात ठेवावे.

हिशेब

देणगीदारांना वर्षातून दोनदा एक पान पाठवावे: किती जमले, किती पाठवले, विनिमयाचा दर काय मिळाला, बँकेने किती कापले, संस्थेने कशावर किती खर्च केले. काही अडले असेल तर तेही लिहावे. आमच्या सातारच्या फसलेल्या प्रयत्नाचा हिशेब आम्ही लपवला नाही, आणि पुढच्या वर्षी देणग्या वाढल्या. परत मागणाऱ्या चारांपैकी तिघांनी त्या वर्षी पुन्हा दिले. छायाचित्रे पाठवावीत, पण हातात वही देतानाची, मान खाली घातलेल्या मुलांची नकोत. दुरुस्त झालेल्या नळाचे छायाचित्र पुरते.

नव्या खजिनदाराच्या हाती जुन्याने एक फाईल द्यावी. आमच्या फाईलच्या पहिल्या पानावर मदत मिळणाऱ्या तिन्ही संस्थांची नावे, त्यांचे एफसीआरए क्रमांक आणि मुदत संपण्याच्या तारखा लाल शाईने लिहिलेल्या आहेत. सातारच्या त्या शाळेचे नाव चौथ्या ओळीत पेन्सिलीने लिहिलेले आहे. सचिवांनी नोंदणीचा अर्ज भरल्याचे गेल्या उन्हाळ्यात कळवले, आणि तारखेची जागा मोकळी सोडली आहे.